फुकटच्या एडिटरची तीन कोटेशनं

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बारा वर्षं असिस्टंट म्हणून काढली की किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपले साचत जातात, कूलरच्या टाकीत शेवाळ साचतं तसे. घरचे म्हणतात, "सुनीता, हसून सोडत जा." मला नाही जमत. माझं डोकं तापतं आणि अकोल्याहून बडनेऱ्याला घरी पोचेपर्यंत तापलेलंच राहतं. माझ्यासोबत रोज अप-डाऊन करणाऱ्या बायकांनी हे सगळं दहा-दहा वेळा ऐकलंय. आता तुम्ही ऐका.

कॉलेजचं नाव सोडा. अकोल्यातलं आहे, एवढं पुरे.

*

आमच्या लॅबमध्ये वीस मशीनं. कुठल्याशा ऑफिसनं नवी घेतली तेव्हा आम्हाला दान दिलेली. दान देणाऱ्यानं हार घालून घेतला, आम्ही बिनझाकणाचे सीपीयू घेतले.

त्यात आमचे हेड देशमुख सर पुण्याला चार दिवसांच्या वर्कशॉपला गेले आणि प्रोग्राम लिहायचं एक भलंमोठं सॉफ्टवेअर घेऊन आले. रंगीत बटणं, खिडकीत खिडकी, कोपऱ्यात अजून एक खिडकी. अहो, प्रोग्राम म्हणजे शेवटी काय, साधी अक्षरं. ती टाइप करून सेव्ह करता आली की झालं. पण नाही, सरांना पुणं आणायचं होतं अकोल्यात.

पोट्टे यायचे, आयकॉनवर क्लिक करायचे. काहीच व्हायचं नाही. परत क्लिक. मग वैतागून दहा क्लिक. पंधरा मिनिटांनी मशीनला एकदम जाग यायची आणि बाराच्या बारा खिडक्या एकावर एक उघडायच्या. मग मशीन जे बसायचं ते तासाची घंटा होईस्तोवर उठायचंच नाही.

आमचे शिपाई अन्वरभाई दारात उभे राहून हे बघायचे. एक दिवस म्हणाले, "मॅडम, इतक्या वेळात तं माह्या घरी तुरीची दाळ शिजते. अन् तेबी कुकरात नाई, भगोन्यात."

मी सरांकडे गेले. "सर, हे आपल्या मशीनले झेपून नाई राहिलं."

"ताई, पुण्यात तर झेपते."

"पुण्यातल्या मशीनी नव्या असतीन ना सर."

"दृष्टिकोन जुना असला की मशीन जुनीच वाटते," सर म्हणाले आणि चहा ओतून घेतला. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

*

हा पुढचा किस्सा हसायचा नाही. पण तो सांगितल्याशिवाय बाकीचे कळणार नाहीत.

रुखसार म्हणून शेवटच्या वर्षाची मुलगी. वडिलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत तिनं अर्ध्या तासात अख्खा प्रोग्राम लिहिला. मी तिच्या मागंच उभी होते. शेवटचा कंस टाकताना मी डोळ्यांनी पाहिलं. सेव्ह करायला गेली आणि ते पुण्याचं सॉफ्टवेअर पांढरंफट पडलं. मशीन बंद करून चालू केलं. फाईल कोरी.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "इथं तर काहीच लिहिलेलं नाही."

"लिवला होता सर. मॅडमनं पाह्यला," रुखसार म्हणाली.

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, त्याच्या आत देशमुख सर बोलले, "ताई त्या वेळी तिकडं कागद वाटून राहिल्या होत्या."

मी कागद वाटत नव्हते. पण माझी नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि ती ऑर्डर दर जूनमध्ये सरांच्या सहीनं निघते. मी गप्प बसले. तिला प्रॅक्टिकलमध्ये शून्य मिळालं.

आठवड्यानं तिचे वडील आले. खांद्यावर कापसाचे तंतू तसेच. म्हणाले, "मॅडम, नापास झाली त्याचं काई नाई. पन साऱ्या मोहल्ल्यात झालं का पोरगी कोरं देऊन आली अन् घरी खोटं सांगून राहिली. तेवढं नाई सहन होत." मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काही दिलं नाही. खरं सांगते, मला सरांचा राग येतो त्याहून जास्त त्या दिवशी गप्प बसले म्हणून माझा स्वतःचा येतो.

*

तेव्हाच ठरवलं, पुढच्या परीक्षेच्या आत ते धूड लॅबमधून जाईल आणि साधा, हलका टेक्स्ट एडिटर येईल.

मला काय पाहिजे होतं? क्लिक केलं की उघडला पाहिजे. ओळींचे नंबर दिसले पाहिजेत, कारण चूक कुठल्या ओळीत आहे ते मशीन नंबरानंच सांगतं. मराठी टाइप केलं तर अक्षरांचे चौकोन व्हायला नकोत. आणि दर आठ दिवसांनी "अपडेट करा, अपडेट करा" म्हणून डोकं खायला नको. बस.

आमचे तायडे सर तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जितके तास घेतील तितकाच पगार, सुट्टीत काहीच नाही. त्या माणसानं बिनतासाचे दोन दिवस बसून तीन एडिटर शोधले. तिन्ही फुकट. तिन्ही आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या मशीनवर पटकन उघडले.

देशमुख सरांनी लगेच समिती नेमली. एडिटर निवड समिती. तिच्यात वनस्पतीशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक घातले, कारण त्यांच्याकडे त्या महिन्यात कुठलीच समिती नव्हती. तायडे सरांनी एडिटर उघडून दाखवला.

प्राध्यापक म्हणाले, "यात अक्षर जाड होते का?"

"नाही सर."

"चित्र टाकता येते?"

"नाही."

"पानाले चौकट?"

"नाही सर."

"मंग याच्यात हाय तरी काय?"

"अक्षरं आहेत सर," तायडे म्हणाले.

समितीनं शेरा मारला, 'वस्तू अपूर्ण अवस्थेत आढळली.' तो कागद अजून फायलीत आहे.

*

मी सोडलं नाही. परत अर्ज केला. या वेळी ऑफिसातून उत्तर आलं की लॅबमध्ये कुठलीही नवी वस्तू येणार असेल तर तीन दुकानदारांची कोटेशनं लागतात.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं, "अहो, फुकट आहे. शून्य रुपये."

"मग शून्याची आणा. तीन."

मी काय करू? गेले आमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे. त्यानं भल्या माणसासारखं लेटरहेड काढलं, एडिटरचं नाव लिहिलं, पुढे रुपये लिहिले आणि हात थांबवला.

"ताई, शून्यावर शिक्का नाई मारत मी. धंद्याले बरं नसते. एक रुपया लिहू का?"

मी म्हटलं लिहा बाबा. तर ऑफिसनं विचारलं, हीच एक रुपयाची वस्तू बाकीचे दोघं दुकानदार कितीला देऊन राहिले? असं करता करता श्रावण संपला, दिवाळी आली.

*

मध्येच सरांना वाटलं की आपणच बघू काय असतं ते. स्वतःच्या केबिनमधल्या नव्या मशीनवर, ज्याच्या पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, त्यांनी इंटरनेटवर शोधलं. आता हे तुम्हालाही माहीत असेल, अशा पानांवर खरं बटण बारीक असतं आणि बाजूला जाहिरातीचं बटण हिरवंगार, हाताएवढं. सरांनी हिरवं दाबलं. मग 'होय' दाबलं. मग परत 'होय', असं पाचदा. पाच वेळा होय म्हणणारा माणूस मी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा पाहिला. आम्हाला एकदाही म्हणत नाही.

एडिटर काही आला नाही. पण त्यानंतर मशीन चालू केलं की आधी सरांची कुंडली यायची, मग वजन घटवायचा काढा, मग एक बाई विवाहासाठी स्थळं सुचवायची. प्राचार्य केबिनमध्ये बसलेले असतानाच ती बाई आली.

सर मला बोलावून म्हणाले, "तुमच्या नादी लागून हे झालं."

"सर, मी तिन्ही एडिटर बनवणाऱ्यांच्या पानाचे पत्ते तुम्हाले लिहून दिले होते."

"तो कागद सापडून नाही राहिला," सर म्हणाले. तो त्यांच्या चहाच्या कपाखाली होता. मला दिसत होता.

*

आता बाहेरचं काही म्हणजे काहीच लॅबमध्ये येता कामा नये, असा हुकूम निघाला. पेनड्राईव्ह बंद. नुसते बंद नाही, पेनड्राईव्ह घालायचे छेदच बुजवून टाका. नळाच्या गळतीला लावतात ती पुट्टी आणली. मी त्या शनिवारी रजेवर होते, रिद्धपूरला मावशीकडे गेले होते. अन्वरभाईंनी एकट्यांनी दिवसभर खपून काम संपवलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. एका वर्षी सात माऊस चोरीला गेले, तेव्हापासून रोज संध्याकाळी वीसही माऊस काढून कपाटात कुलपात ठेवतात आणि सकाळी परत लावतात.

सोमवारी सकाळी मी कपाट उघडलं, माऊस हातात घेतला आणि लावायला जागाच नाही. एकाही मशीनला नाही. की-बोर्ड तेवढे जुन्या गोल पिनेचे, म्हणून वाचले.

"अन्वरभाई, हे काय केलं?"

"सरनं सांगलं, जितके चपटे छेद दिसतीन तितके बुजव. मी बुजवले. ऐंशी निघाले मॅडम. बोटं आखडली."

मी डोक्याला हात लावून खाली बसले. पुट्टी दगडासारखी झाली होती. दुरुस्तीचा अर्ज केला, तर त्यालाही तीन कोटेशनं.

पण माऊस नाही म्हटल्यावर पुण्याचं सॉफ्टवेअर उघडूनही काय करणार, त्यात सगळी बटणंच. तायडे सरांनी मधल्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि लॅबच्या आतल्या केबलवरून वीसही मशीनवर तो फुकटचा एडिटर टाकला. तो नुसत्या की-बोर्डवर पळतो. कुणालाच विचारलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

रुखसार परत परीक्षा देणार होती. आठवड्यातून दोनदा सरावाला यायची, कोपऱ्यातल्या मशीनवर बसायची. माझ्याशी कामापुरतंच बोलायची आणि त्यात तिची काही चूक नव्हती. मी तिला एकच सवय लावली, ओळ संपली की कंट्रोल आणि एस. प्रत्येक ओळीला सेव्ह.

*

यंदाच्या परीक्षेला अमरावतीहून एक बाई परीक्षक म्हणून आल्या. केस पिकलेले, बोलणं कमी. देशमुख सर त्यांना लॅब दाखवत होते. म्हणाले, "मॅडम, जड सॉफ्टवेअर मी बंदच केलं. मोफत, हलका एडिटर स्वतः निवडून आणला. समिती वगैरे नेमून." तायडे सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मी दात आवळले.

परीक्षा सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि लाईट गेली. आमच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली आहे. वीसही पडदे काळे. पंखे थांबले. रुखसारनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि काळ्या पडद्याकडे बघत बसली.

सर म्हणाले, "मॅडम, आता सगळ्यांना सरासरी मार्क देऊन टाकू. हिचं तसंही काही गेलं नाही, ही मागच्या खेपेलाही कोरंच देऊन गेली होती." हे ते तिच्यासमोर म्हणाले. सगळ्या पोरांना ऐकू गेलं.

दहा मिनिटांनी लाईट आली. मशीनं चालू केली, एडिटर उघडले. रुखसारची एकूण एक ओळ जागेवर होती. तिनं राहिलेल्या चार ओळी लिहिल्या, प्रोग्राम चालवला, उत्तर बरोबर आलं.

परीक्षक बाई तिच्या मागे येऊन वाचायला लागल्या. वरून खालपर्यंत, सावकाश. प्रोग्राम संपल्यावर अजून एक ओळ होती. आधी दोन तिरक्या रेघा आणि पुढे इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत लिहिलेलं. बाईंनी ती मोठ्यानं वाचली.

"मागच्या सालीबी म्या लिवला होता."

सर घाईनं पुढे आले. "कॉमेंट आहे मॅडम. रेघा मारून लिहिलेलं मशीन वाचत नसते. सोडून द्या."

"मशीन नसेल वाचत," बाई म्हणाल्या. "मी वाचलं ना." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी या लॅबमध्ये कोण होतं?"

देशमुख सरांनी माझ्याकडे पाहिलं. मे महिना संपत आला होता, माझ्या ऑर्डरवर सही व्हायची होती.

"मी होते," मी म्हटलं. "हिच्या मागं उभी होते. हिनं पूर्ण लिहिला होता."

बाईंनी आपल्या फायलीतून एक कोरा कागद काढून टेबलावर माझ्याकडे सरकवला. "लिहून द्या."

मी अन्वरभाईंच्या खिशातला पेन घेतला आणि उभ्या उभ्याच लिहून दिलं.