गाभण म्हशीला चराई माफ

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या क्वार्टर्समागे मोठं मोकळं मैदान होतं. पाऊस झाला की त्यावर गुडघाभर गवत यायचं. भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या म्हशी तिथे फुकट चरायच्या. आधी चार-पाच होत्या. फुकटची बातमी पसरल्यावर कुठून कुठून आल्या, आणि पोंगलपर्यंत मैदानात नुसतं शेण उरायला लागलं. बाबा वसाहतीच्या कमिटीचे खजिनदार. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं, हा त्यांचा लाडका सिद्धांत. त्यांनी दर म्हशीमागे महिन्याची चराई लावली, आणि ती नेमकी इतकी ठेवली की दुभत्या म्हशीला परवडावी, भाकडीला परवडू नये. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या शेजारचे मामा, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे मराठी. त्यांनीही मान डोलावली.

गवत वाढलं. बाबा रोज संध्याकाळी ते बघायला जायचे, जणू स्वतःच पेरलंय.

त्याच सुमारास ताई बाळंतपणाला माहेरी आली. पुण्याहून भावजींचा मिस्ड कॉल आला की ती फोन घेऊन गच्चीवर पळायची आणि आई मागून ओरडायची, जिना जपून. ताईला डोहाळे लागले ते खरवसाचे. दुसरं काही तिला चालेना. चेन्नईत खरवस विकत कुठे मिळणार? चीक हवा, म्हणजे व्यायला आलेली म्हैस हवी. तशी म्हैस होती आमच्या दूधवालीकडे, जिला सगळी वसाहत पाल्कारम्मा म्हणायची. पण आटलेल्या म्हशीची चराई कशाला भरा, असा सरळ विचार करून पाल्कारम्माने ती गुम्मिडिपूंडीकडे भावाच्या गावी धाडून दिली होती.

हे कळल्यावर आईने बाबांचं ताट वाढता वाढता विचारलं, "तुमच्या त्या दरात पोरीचे डोहाळे धरलेत का?"

घरच्या माणसासाठी नियम वाकवणं बाबांच्या रक्तात नव्हतं. पुढच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला: गाभण म्हशीला चराई माफ. जिथे उत्पन्न नाही तिथे आकार कसला, असं त्यांनी अगदी गंभीरपणे पटवून दिलं. कुणी हरकत घेतली नाही. आठवड्यात पाल्कारम्माची म्हैस परत आली.

आणि तिच्यामागोमाग बाकीच्याही. बघता बघता मैदानातली एकूण एक म्हैस गाभण झाली. वॉचमनने विचारलं की मालक पोटावर थाप मारून दाखवायचा, की झाली माफी. एकदा तर एक रेडाही तसाच आत शिरला. आई म्हणाली, बैल गाभण म्हटलं की नववा महिना सांगणारी माणसं सगळीकडे सारखीच. ताई आणि मी हसून हसून बेजार झालो. बाबा मात्र हसले नाहीत. गवत पुन्हा मुळाशी आलं होतं आणि लोक विचारत होते, ही माफी मागे कधी घेणार? बाबा म्हणाले, अभ्यास चालू आहे. पुढच्या बैठकीतही तो चालूच होता. मला त्यांची दया यायची आणि मजाही वाटायची. जन्मात एक फाइल न अडवलेला माणूस म्हशीच्या बाळंतपणासाठी ठराव अडवून बसला होता.

शेवटी म्हैस व्याली. पाल्कारम्मा सकाळी चीक घेऊन आली, आईने गूळ-वेलदोडा घालून खरवस लावला. ताईने पहिली वडी डोळे मिटून खाल्ली आणि ताटली पुन्हा पुढे केली. बाबा समोर पेपर घेऊन बसले होते, पण वाचत ताईचा चेहराच होते. उरलेला खरवस आईने माझ्या हाती कमिटीच्या घरोघरी पाठवला.

त्याच संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात बैठक भरली आणि माफी रद्द करण्याचा ठराव बाबांनी स्वतःच मांडला. अभ्यास झाला वाटतं, असं कुणीतरी विचारलं. झाला, बाबा म्हणाले. सगळे खाली बघत होते. मामांना मात्र राहवलं नाही. ते त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, "राव, माफी म्हशीस नव्हे, लेकीस होती, हे आम्हांस पहिल्याच दिवशी ठाऊक. म्हणोनच तर सर्वांनी हात वर केला."

बाबा इतके लाजले की नवा ठराव लिहून घ्यायचाच राहिला, आणि माफी आणखी महिनाभर चालू राहिली.