गनीभाऊंचा मोह

गनीभाऊ पेंटर नाटक कधीच बघत नसत. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटक उभं राहिलं की ते रंगमंचाच्या कोपऱ्यात, नटांकडे पाठ फिरवून बसत आणि समोरच्या माणसांची तोंडं बघत. मागचा पडदा त्यांनीच रंगवलेला असे. "पडद्याकडे काय पाहाचं जी? पडदा लोकायच्या तोंडावर दिसते," असं ते म्हणत.

स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती, तेव्हा मी कुरखेड्याला मास्तर म्हणून लागलो. गनीभाऊ दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरत, पण जीव नाटकाच्या पडद्यांत. अंगानं काटकुळे, तोंडानं फटकळ, आणि विनय औषधालाही नाही. रस्ता, महाल, जंगल हे पडदे सगळ्याच पेंटरांकडे असत. गनीभाऊंचा एक पडदा मात्र साऱ्या झाडीपट्टीत, आमच्या या रानाच्या मुलखात, गाजलेला होता: पडका मनोरा, अर्धा चंद्र, एक निष्पर्ण झाड आणि त्याखाली पांढरी पडलेली जमीन. कुणा गोऱ्या साहेबानं जाताना डाकबंगल्यात टाकून दिलेल्या पुस्तकात त्यांना हे चित्र सापडलं होतं. पुस्तक कसलं ते त्यांना वाचता येत नव्हतं. चित्रातल्या मनोऱ्याचा शेंडा वाळवीनं खाल्ला होता, तिथं त्यांनी चांद्याच्या गोंडराजांच्या समाधीचा घुमट बसवून दिला.

मी शहाणपणा करून सांगितलं की ते पांढरं म्हणजे बर्फ आहे, विलायतेत पडतो तो. गनीभाऊ उखडले.

"बर्फ मी नागपुरात पाह्यला, मास्तर. भुश्यात ठेवतेत त्याले. झाडाखाली काऊन सांडन? झाडाले पान नाई, खाली पांढरं पडून हाये, म्हंजे चैत. हे मोहफूल होय."

मी पडद्याजवळ जाऊन पाहिलं, तर त्यांनी एकेक फूल वेगळं काढलं होतं.

चैतात मोह वेचायला आमच्याकडे माणसं पहाटेच रानात जातात, आणि त्याच वासावर अस्वलंही येतात. गावातल्या सखूबाईचा नवरा असाच मोहाखाली अस्वलाच्या तडाख्यात गेला. ती रडली नाही. तेराव्यालाही नाही आणि वर्षश्राद्धालाही नाही. कामाला जायची, कोणी बोललं तर मान हलवायची. त्या दिवाळीनंतरच्या मंडईत नाटकातली राणी राजाला शोधत निघाली, मागं गनीभाऊंचा पडदा उलगडला, आणि बायांच्या गर्दीतून सखूबाईचा हंबरडा आला. नटी थबकली. गनीभाऊंनी तिला चालू ठेवायची खूण केली आणि स्वतः डोळे पुसले.

मी नंतर त्यांना विचारलं, ज्यांच्या दाराशी वाघ येतो त्यांना या रंगवलेल्या भयाचं एवढं वेड कशाला?

"खऱ्या भेवात माणूस पळते, मास्तर. रडाले फुरसद नाई. म्हणून खोटं भेव पायजे, बसून पाहाले."

पुढच्या वर्षी विकासाचे एक साहेब आले. पडके मनोरे आणि मसणवटी ही गुलामीतली करमणूक आहे, नव्या देशाच्या पडद्यावर धरण पाहिजे, असं भाषण त्यांनी ठोकलं. ज्यांनी अस्वल पिंजऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं, ते आम्ही कशाला भ्यावं हे ठरवू लागले! मंडईच्या मंडळानं माना डोलावल्या, कारण गावाला विहीर मंजूर व्हायची होती. नवं कापड महाग, म्हणून गनीभाऊंना न विचारता त्यांच्याच पडद्यावर सफेदी फासली आणि बाहेरून आणलेल्या पेंटरकडून वर धरण काढून घेतलं. गनीभाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. लोकांना पाणी द्या, जरूर द्या. त्यांच्या रडायच्या जागेवर चुना कशाला फासता?

तो पडदा शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना टांगून वाळत घातला होता. सकाळी गनीभाऊ विळा घेऊन आले. मी त्यांचा हात धरला.

"माहा पडदा हाये. मीच फाडन," ते म्हणाले.

तेवढ्यात धानाचा भारा घेऊन सखूबाई रस्त्यानं चालली होती. ती थांबली, भारा उतरवला आणि आमच्याजवळ आली. ऊन पडद्याच्या मागून येत होतं. पातळ सफेदीतून, धरणाच्या भिंतीतून, हळूहळू ते झाड दिसायला लागलं, मग घुमट, मग झाडाखालचा मोह.

"फाडू नोका, भाऊ," ती म्हणाली. "दिसून राह्यलं."

गनीभाऊंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विळा खाली ठेवला.

त्या साली मंडईत साहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. धरण पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. राणी राजाला शोधत आली, तसे गनीभाऊ कोपऱ्यातून उठले, पुढची पेट्रोमॅक्स उचलली आणि पडद्याच्या मागं नेऊन ठेवली. धरण गेलं. मोह सांडला. बायांच्या बाजूनं हुंदके यायला लागले. गनीभाऊ परत आपल्या जागी आले आणि नेहमीप्रमाणे पाठ फिरवून बसले, साहेबांच्या तोंडाकडे बघत.