भीमेपलीकडं सोडलेलं कुत्रं

कोर्टात तारीख असली की आम्ही न्हावऱ्याहून शिरूरला एकाच एसटीनं जातो. मी, आणि ज्यांच्याविरुद्ध आमचा दावा आहे ते आबा. आबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. गर्दी असली तर रुमाल टाकून माझी जागा तेच धरतात. कोर्टाच्या आवारात शिरलो की मात्र आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसतो, कारण एकत्र बसलेलं आमच्या वकीलबाईंना आवडत नाही. त्यांनी एकदा विचारलंच, "तुमचं नक्की भांडण आहे की नाही?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही, म्हणून झालं तसं सांगून टाकते.

आबांचा गोठा आमच्या घरासमोर, मध्ये फक्त रस्ता. संध्याकाळी धारा झाल्या की माझी मुलगी किटली घेऊन दूध आणायला जायची. तेव्हा ती तिसरीत होती. आबांचं काळं कुत्रं दिवसा गोठ्याच्या खांबाला बांधलेलं असायचं आणि दिवेलागणीला मोकळं सुटायचं, कारण कांद्याच्या चाळीवर रात्रभर राखण त्याचीच. ते तिला चांगलं ओळखत होतं. त्या संध्याकाळी ते तिच्या अंगावर का गेलं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. शेपटीवर पाय पडला म्हणणारे आहेत, दिवसभर उन्हात तापलं होतं म्हणणारे आहेत, आणि पोरीनंच खोडी काढली असेल म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

दंडाचा लचका निघाला, डोळ्याखाली दात लागले. शेजारची एक जण जखमेत हळद-तिखट भरायला निघाली, तिच्या हातातली वाटी मी उडवून लावली. नळाखाली साबणानं जखम धुताना पोरगी ओरडत नव्हती. मला त्याचीच जास्त भीती वाटली. शिरूरच्या सरकारी दवाखान्यात जखमेतच सुया टोचल्या, पुढची इंजेक्शनंही सगळी वेळेवर झाली. कुत्र्यावर लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. कुत्रं ठणठणीत राहिलं.

जखम भरली, पण पोर काही पहिल्यासारखी होईना. झोपेत दचकायची, अंथरूण ओलं करायची, कुणाच्या मोटरसायकलचा आवाज आला तरी माझ्या पदरात शिरायची. शाळेत जाण्यासाठी तिनं स्वतःच एक युक्ती काढली होती. सकाळी ओट्यावर उभं राहून ती समोरच्या गोठ्याकडं टक लावून बघायची. त्या दिवसापासून आबा कुत्र्याला रात्रंदिवस साखळीला ठेवत होते. साखळी दिसली की "बांधलंय" असं स्वतःशीच म्हणायची, माझा हात धरायची आणि निघायची. मी मनात म्हणायचे, एवढं तर एवढं, शाळा तरी बुडत नाही.

आमच्याकडं भाऊकीतली गोष्ट पोलिसांत जात नाही. मारुतीच्या देवळात बसायचं, ज्याचं चुकलं त्यानं चुकलं म्हणायचं, नारळ फोडायचा, मिटलं. जखम ओली होती तेव्हाच आम्हीही बसलो. मुलगी माझ्याशेजारी होती, दंडाला पट्टी. आबा "चुकलं" म्हणाले असते तर मी काय केलं असतं? बहुधा खोबरं घेऊन घरी आले असते आणि चार दिवस भांडी आपटली असती. पण आबांच्या मुलानं त्यांना आधीच पढवून आणलं होतं. कबूल केलं की कोर्टात तेच धरतात, वगैरे. आबा खाली बघत म्हणाले, "ते काय माझं न्हाई. गावचं कुत्रं हाय. दारात पडल्यालं असतं, शिळंपाकं घालतो येवढंच."

देवळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे आपापल्या पायांकडं बघत बसले. मुलगी आधी आबांकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागली, आणि माझं डोकं फिरलं. "मग आता कोर्टातच बघू," असं मी म्हणून बसले. माझं असंच आहे. आधी तोंडातून निघतं, मग ते निस्तरत बसावं लागतं.

शिरूरच्या वकीलबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. कुत्र्याला मालक असेल तर त्याच्याकडून भरपाई मागता येते, म्हणाल्या, पण मालक तोच हे दाखवावं लागेल. फोटो, साक्षीदार, काहीतरी. गावात कुत्र्याचा कसला कागद असतो? आणि भाऊकीतला साक्षीदार कुठून आणू? मग त्यांनी दुसरंच काढलं. दंडावरचा व्रण दिसतो, पण मनाला झालेली इजाही भरपाईत धरतात, त्यासाठी मुलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवून दाखला घ्या. मी घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय आसं कोर्टात लिवून घ्यायचं? उंद्या स्थळं यायला लागली म्हंजी?" आठ वर्षांच्या पोरीला कसली स्थळं, म्हणून मी फणकारले. पण खरं सांगायचं तर आतून मीही चरकले होते. दाखला घेतला नाही तर पोरीला जे होतंय ते कुणाला दिसणार नाही, आणि घेतला तर सगळ्या गावाला दिसणार. यातलं तिच्या भल्याचं कोणतं, हे मला काही ठरवता येईना.

तेवढ्यात आबा एका सकाळी आमच्या दारात आले. चेहरा चांगला खुललेला. "सूनबाय, काळजी मिटली. सोडून आलो त्येला यवतंला. धाब्यावर पोट भरंल त्याचं. आता पोरीला भ्या न्हाई."

नको झालेलं कुत्रं आमच्याकडं मारत नाहीत. पोत्यात घालायचं आणि नदीपलीकडं नेऊन सोडायचं. पाणी ओलांडलं की कुत्र्याला परतीची वाट सापडत नाही, असं सगळेच मानतात. आबांनीही भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात, थेट हायवेवर नेऊन ते सोडलं होतं. हे त्यांनी पोरीसाठी केलं की कोर्टासाठी, मी तिथंच उभी राहून विचार करत होते. दोन्हीसाठी केलं असावं. त्यांना तरी कुठं नीट माहीत होतं?

मला वाटलं होतं, मुलगी उड्या मारेल. ती ओट्यावर गेली, रिकामा खांब बघितला आणि उलट पावली घरात आली. दार लावलं, खिडकी लावली. "तिथं न्हाई, मग कुठं हाय?"

"लांब आहे गं. भीमेच्या पलीकडं."

"भीमेला पूल हाय की," ती म्हणाली.

शाळा बंद झाली. परसात जायचं तरी मी पुढं आणि सासूबाई मागं. आतापर्यंत तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, कुत्रं कुठं आहे हे तिला माहीत होतं, आणि आम्ही मोठ्यांनी तिच्या भल्यासाठी तीच काढून घेतली होती. चार दिवस मी बघितलं. पाचव्या दिवशी रस्ता ओलांडून गोठ्यात गेले आणि म्हणाले, "आबा, कुत्रं परत आणा."

आबांच्या हातातलं वैरणीचं ओझं खाली पडलं. "आगं, तुजं डोकं ठिकाणावर हाय का? कुत्र्यापायी माझ्यावर कोर्टात निघालीस, आन् आता कुत्रं आण म्हणतीस?"

"माझं डोकं कुठं आहे ते मलाही कळत नाही. पण पोर दाराबाहेर पडत नाही."

त्यांनी पडलेली वैरण गोळा करून गव्हाणीत टाकली. मग टोपी घातली आणि आमच्या टेम्पोत येऊन बसले. टेम्पो नवऱ्यानं चालवला. मुलगी माझ्याशिवाय घरात थांबायला तयार नव्हती, तिला मांडीवर घेतलं.

आबांनी कुत्रं सोडलेला धाबा सापडला, पण कुत्रं दिसेना. भांडी धुणाऱ्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "काला वाला? पीछे पड़ा रहता है." मागच्या बाजूला, उष्ट्याच्या पिंपाशेजारी ते होतं. बरगड्या निघालेल्या, कान फाटलेला. मुलीनं टेम्पोच्या काचेतून ते बघितलं आणि डोकं खाली घातलं. नवरा बिस्किटं घेऊन पुढं गेला, तसं ते गुरगुरत मागं सरकलं. धाब्यावरच्या पोरांनी चुचकारून बघितलं, ते कुणाच्याच हाताला लागेना. मी लांब उभी होते. माझ्या हातात मोबाइल होता.

आबांनी मोबाइलकडं बघितलं. कुत्रं आबांचंच असल्याचा पुरावा वकीलबाईंना हवाय, हे सगळ्या गावाला कळलं होतं, आबांना काय माहीत नसणार? मुलानं तर त्यांना बजावलं होतं, त्या कुत्र्याच्या आसपासही दिसू नका म्हणून. ते मोबाइलकडं बघत राहिले, मग काचेमागच्या मुलीकडं. मग खाली बसले, हात पुढं केला आणि गोठ्यात रोज मारायचे तशी कुत्र्याला हाक मारली. "यूऽ यूऽ, ये रं."

ते जमिनीला पोट घासत आलं आणि कण्हत त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पडलं. मी त्याचा व्हिडिओ काढला. खोटं कशाला सांगू? डोळ्यांत पाणी होतं आणि तरी मी काढला. माझं चुकलं की बरोबर होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

येताना कुत्रं मागं हौद्यात साखळीनं बांधलं होतं आणि आबा पुढं आमच्यात दाटीवाटीनं बसले होते. पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "काढलास न्हवं? बरं केलंस. वकीलबायला दाव. कुत्रं माझंच हाय. काय भरून द्यायचं ती भरून दीन."

किती महिने मी या वाक्यासाठी जळत होते. ते ऐकलं आणि मला काहीच वाटेना. आनंद नाही, राग नाही. पुढं वकीलबाईंनी सांगितलं की मुलीच्या वतीनं करायची तडजोड कोर्टाच्या परवानगीशिवाय होत नाही, म्हणून त्या तारखा अजून चालू आहेत. पण त्या वेळी टेम्पोत मी नुसतीच रस्त्याकडं बघत होते. बोलली ती मुलगी. माझ्या मांडीवरून तिनं आबांकडं तोंड वळवलं. देवळातल्या त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"मग तवा देवळात न्हाई का म्हणला?"

नवऱ्यानं उगाच गिअर बदलला. आबा समोरच्या काचेतून बघत राहिले.

"भ्यालो हुतो, बाळा," ते म्हणाले.

मला वाटलं, ही आता तोंड फिरवणार. तिनं त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं, आपण आजारी माणसाकडं बघतो तसं. मग ती थोडी माझ्याकडं सरकली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.

"रात्री जास्त वाटतं," ती म्हणाली. "तुमाला पन का?"