इक्बालचे मेल कोण वाचतं

इक्बाल गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी रोह्याच्या ऑफिसात होतो. समोर पडद्यावर त्याचंच उत्तर होतं, आपोआप आलेलं... मी रजेवर आहे, सोमवारी कामावर हजर होईन.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, डिस्पॅचला. मी पेणहून येणारा, तो रोह्याचाच. "तुझा आकडा कधी चुकत नाय, चेहरा मात्र कायम चुकल्यासारखा," असं मला म्हणायचा. आमचे मेल मुंबईचं मुख्य ऑफिस वाचतं, हे सगळ्यांना ठाऊक. कोण किती वेळ जागेवर नव्हतं याचा तक्ता तिथे निघतो आणि नोकरीचा करार वाढवताना पुढ्यात ठेवतात. म्हणून रजेचं आपोआप जाणारं उत्तर कुणी लावतच नसे. एक जण रजेवर गेला की दुसरा त्याच्या संगणकावर बसून त्याच्या नावानं उत्तरं द्यायचा. त्याच्या मुलीच्या निकाहाच्या वेळी मी इक्बाल होतो. नागोठण्याला पाणी चढून मी अडकलो तेव्हा तो मी होता.

मग कॅमेरे आले. चेहरा बघितल्याशिवाय संगणक उघडेना. तेव्हापासून इक्बालनं रजाच घेतली नाही. छातीत दुखलं की पाणी पिऊन बसायचा. दवाखान्यात जा म्हटलं तर, "नाय रे, आधी करार होऊ दे."

करार झाला आणि तो अँजिओग्राफीसाठी पनवेलला गेला, आयुष्यात पहिल्यांदा ते उत्तर लावून. वॉर्डात फोनवर बोलू देत नव्हते, पण मेल बघतो म्हणाला होता. म्हणून गाड्यांच्या यादीखाली मी लिहिलं, जिना चढताना मलाही तसंच होतं, घरीसुद्धा सांगितलेलं नाही, तू आलास की बोलू. इतकी वर्षं जपून लिहिणारा मी, त्या घडीला भान राहिलं नाही. त्या मेललाच ते आपोआप उत्तर आलं होतं, आणि पाठोपाठ मुलीचा फोन.

त्याचा चाळिसावा झाल्यावर पाठवलेले मेल चाळत होतो. त्या मेलपुढे 'वाचला' अशी खूण होती. वेळ दफनानंतरची... दुसऱ्याच दिवशी मुख्य ऑफिसातून साहेबांचा फोन आला. ते कधी तब्येत विचारत नाहीत. मी उत्तम म्हणालो.

"जिने चढताय ना?" त्यांनी विचारलं.

माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "त्यांना कळलंय, मला कळलंय. अहो, आता लपवायचं कुणापासून?"

आज कॅमेऱ्यासमोर बसून रजेचं उत्तर लावलं. परत येण्याची तारीख टाकली नाही. माझ्या गैरहजेरीत कुणाला लिहावं, तिथे इक्बालचं नाव घातलं... तिथे वाचणारं कुणीतरी आहे.