पुलापलीकडचं माहेर

माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी मुलापेक्षा जास्त वेळ त्याच्या बिल्डिंगला दिला होता. स्वतः बोरिवलीला जाऊन त्यांनी नळाला पाणी कधी येतं ते विचारलं, नाला कुठून वाहतो ते पाहिलं, आणि तळमजल्याच्या भिंतीवर पावसाच्या पाण्याची ओल कुठवर चढली आहे ते छत्रीने मोजून आले. मुलगा कसा आहे, असं आईने विचारलं तर म्हणाले, "उंचावर आहे." म्हणजे घर. घाटकोपरच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला होता, त्यामुळे त्यांची चौकशी अशीच असायची. मला तेव्हा भयंकर राग आला होता. संसार माणसाबरोबर करायचाय की नाल्याबरोबर, असं मी तोंडावर विचारलंही होतं.

म्हणून धाकटीने जर्मन मुलगा निवडला तेव्हा बाबांची मोठी पंचाईत झाली. ती भांडुपच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायची. तिथे नवीन मशीन बसवायला हा इंजिनियर थोड्या दिवसांसाठी म्हणून आला आणि मशीन चालू झालं तरी जायचं नाव घेईना, त्यावरून काय ते समजा. माणूस चांगला होता. मुलुंडला आमच्याकडे आला की चपला दाराबाहेर नीट लावून ठेवायचा, आईकडून सोलकढी मागून प्यायचा. आईला तो पसंत होता, पण तसं म्हणायची सोय नव्हती, कारण बाबांची चौकशी व्हायची होती. आणि तिथे जाऊन छत्री टेकवणं काही शक्य नव्हतं.

मग त्यांनी नकाशांचं मोठं पुस्तक काढलं. धाकटीने गावाचं नाव सांगितलं, नदीचं सांगितलं, जवळच्या बाजारगावाचंही सांगितलं. गाव इतकं लहान की नकाशात नव्हतंच. नदी होती, आणि दोन जर्मनींमधली सीमा बरोबर तिच्या अंगावर छापलेली होती, चांगली जाड, लाल. बाबा भिंग घेऊन बसले. बाजारगाव रेषेच्या पूर्वेला सापडलं, तेव्हा आपलं गावही पूर्वेतच, असा त्यांनी निकाल दिला. पूर्वेत म्हणजे आत गेलेलं माणूस बाहेर येत नाही, आपली मुलगी पुन्हा दिसायची नाही. अहो, ते पश्चिमेत आहे, असं धाकटीने घसा कोरडा करून सांगितलं. पण छापलेला नकाशा एकीकडे आणि प्रेमात पडलेली मुलगी दुसरीकडे असताना भूगोलाचा मास्तर कोणावर विश्वास ठेवणार होता?

घरातल्या शांततेची पार वाट लागली. धाकटी बोलेना, बाबा धड जेवेनात, आणि मी रविवारी बोरिवलीहून यायचे ती दोघांचे निरोप या खोलीतून त्या खोलीत पोचवायला. शेवटी मीच वैतागून तिला म्हटलं, "अगं, त्यालाच आण ना. त्याचं गाव त्यालाच दाखवू दे."

तो आला. बाबांनी पुस्तक पुढे केलं. त्याने नकाशा पाहिला आणि त्या लाल रेषेवरच बोट ठेवलं. गाव रेषेखाली झाकलं गेलं होतं. निवृत्त झाले तरी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात खडू असायचाच. तो त्यांनी काढून दिला. जावईबापू, म्हणजे तेव्हा अजून झाले नव्हते, गॅलरीत सरळ फरशीवर मांडी घालून बसले आणि नदी काढायला लागले.

त्याचं इंग्रजी मोडकं आणि बाबांचं पुस्तकी, तरी दोघांचं छान जमलं. नदी डोंगरांतून वळत येते. वळणाच्या आतल्या सपाटीवर याचं गाव, समोरच्या काठावर दुसरं. मध्ये दगडी पूल, कित्येक पिढ्यांपूर्वीचा. त्यावरून मिठाच्या गाड्या जायच्या. शेतं अलीकडे, बाजार पलीकडे. तिकडच्या मुली इकडे दिलेल्या, इकडच्या तिकडे. बर्फ वितळलं की नदी फुगते आणि पाणी त्याच्या घराच्या उंबऱ्याला लागतं. उंबरा किती उंच आहे, बाबांनी लगेच विचारलं. मला वाटलं, झालं, आता छत्री येणार.

मग त्याने पुलाच्या मधोमध एक आडवी रेघ मारली. लढाईनंतर देश दुभागला आणि सीमा नदीतून गेली. बाबा म्हणाले की हे त्यांना ठाऊक आहे, त्यांनी वर्गात शिकवलंय. तो म्हणाला, त्याची आई पलीकडची. लग्न होऊन या पुलावरून चालत आली आणि थोड्याच दिवसांत तिच्यामागे पूल बंद झाला. माहेरच्या घराचं धुराडं तिला स्वयंपाकघरातून दिसतं. हात हलवायला बंदी आहे, म्हणून पलीकडे तिची बहीण रविवारी खिडकीत चादर झटकते. हीसुद्धा मग एक चादर झटकते. तिची आई वारली तेव्हा तिने प्रेतयात्रा अलीकडच्या काठावर उभं राहून पाहिली.

उंबऱ्याची उंची सांगावी तशा आवाजात त्याने हे सांगितलं. बाबा वाकून त्या रेघेकडे बघत राहिले.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. बाबांच्या चौकशीत ती कधी पडत नसे. ती धाकटीला म्हणाली, "त्याला विचार, पहिल्या बाळंतपणाला पाठवतील का?"

धाकटी लाजली. पहिलं बाळंतपण आमच्यात माहेरी होतं, हे मग मीच त्याला समजावलं. त्याला फार समजवावं लागलं नाही. तो म्हणाला, "माझी आई स्वतः घेऊन येईल तिला. दुसऱ्या कोणावर सोपवणार नाही."

बाबांनी खडू परत मागून घेतला. "घर सखल आहे," एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

त्या बाई मुलाच्या शब्दाला जागल्या. धाकटीला दिवस गेले तेव्हा तिला घेऊन मुलुंडला आल्या आणि बाळ हातात घेऊनच हलल्या. आईला जर्मन येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, दोघी दिवसभर मेथी निवडायच्या. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणी चादर झटकली की त्यांचा हात थांबायचा. निघताना आईने त्यांची ओटी भरली. घरातून निघणाऱ्या सवाष्णीला असं पाठवतात, असं धाकटीने सांगितलं तेव्हा त्या आईचा हात धरून रडल्या. मीही रडले, आणि मला चारचौघांत रडायला मुळीच आवडत नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता तिकडची सीमा उघडली. टीव्हीवर बर्लिनची भिंत दाखवत होते. बाबांना भिंतीशी काही घेणंदेणं नव्हतं, आपल्या पुलाचं काय, हेच ते विचारत होते. अखेर शेजाऱ्यांकडे धाकटीचा फोन आला आणि आम्ही सगळे धावलो. आदल्या दिवशी पूल मोकळा झाला होता. सासूबाई सकाळपासून कोट घालून स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या होत्या, पाय उचलत नव्हता. मग धाकटीने त्यांची ओटी भरली. नारळ नव्हता, सफरचंद घातलं. नातवाने आजीचं बोट धरलं आणि मायलेकरं पुलाच्या मध्यापर्यंत त्यांना पोचवायला गेली. समोरून बहीण येतच होती.

बाबांनी रिसीव्हर हातात घेतला. "संध्याकाळी परत आल्या ना?"

"नाही, बाबा. मीच सांगितलं, माहेरी गेल्यावर लगेच परतायचं नसतं. आज सकाळी तिकडच्या खिडकीत दोघींनी मिळून चादर झटकली."

बाबांनी रिसीव्हर आईकडे दिला.