डब्याच्या माणसाचा खोकला

उमरखेडला वामनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून चहा पिऊन उठताना माणूस एखादा किस्सा घेऊनच उठायचा. एकोणीसशे पासष्टच्या आसपासचे ते दिवस आठवले की मी एकटाच हसतो.

*

ढाणकीचे एक काका सेट घेऊन आले. घरी सारखी खरखर, दुकानात लावला तर आवाज स्वच्छ. वामननं विचारलं, "घराशेजारी काय आहे?"

"विजेवरची पिठाची गिरणी."

"मंग तिच्या मोटरचीच खरखर. बातम्या इथंच येऊन ऐका."

वामन गमतीनं बोलला होता. काका पुढच्या बाजाराला एसटीनं आले, सेट मांडीवर घेऊन!

*

दुकानात रोज बसणाऱ्या आमच्यातल्या सुदामनं तेलाच्या डब्यांचा माणूस केला होता. पोटात शिलाई मशीनची जुनी मोटर. स्विच दाबला की तो हात वर करायचा, आणि समोरच्या हॉटेलातला रेडिओ खरखरायचा. हॉटेलवाला चिडून आला. "सुदाम्या, ऐन गाण्यातच तुया माणसाले खोकला काहून येते?"

*

सुदामची आई, आम्हा सगळ्यांचीच माय, या नादाला कंटाळली होती. मारेगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मामानं त्याच्यासाठी काम पाहून ठेवलं होतं. माय म्हणाली, "भीमजयंतीले चारचौघांत चालवून दाखव. फजिती झाली, तर दुसऱ्या दिवशी मारेगावची गाडी." सुदामचा चेहरा उतरला. वामनच्या दुकानाशिवाय तो कसा राहील, हे आम्हालाही समजेना.

*

जयंतीच्या कार्यक्रमाच्या तालमीतच फजिती झाली. डब्याचा हात वर झाला आणि भोंग्यातून अशी खरखर निघाली, की भाषणाला उभे राहिलेले गुरुजी खालीच बसले. वायरिंग वामनचं. स्विचची आणि माइकची वायर त्यानं एकत्र गुंफली होती, वेणीसारखी सुबक! ती वेणी त्यानं जड मनानं सोडली, स्विचची वायर दूर नेली, स्विचला खरखर गिळणारा कंडेन्सर जोडला. खरखर थांबली.

*

जयंतीला सुदामनं स्विच दाबला. हात वर गेला. भोंग्यात काहीच आवाज नाही, आणि टाळ्याही नाहीत. लोकांनी तालमीतली खरखर ऐकलेली. खरखर नाही म्हणजे वीजच नाही, अशी त्यांची खात्री.

एक म्हातारा म्हणाला, "आत पोरगं बसवलं असन. उकडून राह्यलं असन बिचारं."

सगळा मांडव हसला. सुदामच्या डोळ्यांत पाणी आलं.

माय उठली. पाण्याचा लोटा घेऊन मंचावर गेली आणि डब्याच्या तोंडाशी धरला. "पानी पे, बापू."

सुदामनं परत स्विच दाबला. हात वर गेला.

"जय भीम," माय डब्याला म्हणाली. मग सुदामकडे वळली. "तू मारेगावले गेल्यावर याले कोन पाहीन?"