आल्याची बरणी

आजही बरणीत एकही बुडबुडा दिसला नाही. तुमचे आजोबा तिच्यातल्या पाण्यात रोज किसलेलं आलं आणि चमचाभर साखर घालायचे. त्या रोजच्या खुराकावर ते पाणी जिवंत राहायचं. ते फसफसलं, की त्यात लिंबू पिळून तुमच्यासाठी जिंजर एल, म्हणजे आल्याचं फसफसतं सरबत, बाटल्यांत भरायचे. बाटल्यांना लेबलं मी लावायची.

“अगं, आधी झाकण सैल कर,” ते चिडवायचे, “नाहीतर बाटली फुटून तुझं सुंदर अक्षर छताला चिकटेल.”

ते गेल्यावर तेरा दिवस स्वयंपाकघर शेजारणींनी सांभाळलं. ओटा लख्ख ठेवला. बरणीत आलं घालायचं त्यांना कसं ठाऊक असणार? ठाऊक होतं मला. घरातली सुईसुद्धा जागेवर ठेवणारी मी, नेमकं तेवढंच विसरले. माणसाच्या वस्तू सांभाळता येतात. त्याने रोज जिवंत ठेवलेलं मात्र आपल्या हातून असं निसटतं.

चौदाव्या दिवसापासून रोज आलं घालते, बरणीला कान लावते. पूर्वी बारीक चुरचुर ऐकू यायची.

तुम्ही मे महिन्यात याल, म्हणून आज दुसरी बरणी भरली. ती आठवड्यात फसफसेल. जुनीचं झाकण मात्र सकाळी मी सवयीने सैल केलं. काहीच आवाज आला नाही.